हौसेचा हिशेब

मराठीत एक म्हण आहे, 'हौसेला मोल नाही.' तुमच्या घरी ज्याला शौक म्हणतात, त्यालाच आम्ही हौस म्हणतो. गंमत अशी, की हौस हा शब्द 'हवस' या अरबी शब्दावरून मराठीत आला आहे. उर्दूत हवस म्हटले, की हाव, लोभ असा वाईट अर्थ डोळ्यांपुढे येतो. मराठीत मात्र हौस हा चांगला, आनंदाचा शब्द आहे. लग्नाची हौस, बागेची हौस, पतंगाची हौस!

हौसेपायी माणूस किती पैसे खर्च करील याचा हिशेब मांडू नये, असे ही म्हण सांगते. ठीक आहे. पण त्याच हौसेचे दुकान मांडायचे झाले तर? मग काय करावे? आमच्या शेजारच्या एका मुलावर तशी वेळ आली. त्याची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी डोरेमॉन पाहिला असेल. तो जपानी आहे. ॲनिमेशन या लांबलचक इंग्रजी शब्दाचे जपानी लोकांनी 'ॲनिमे' असे छोटे रूप केले आणि आता जपानमध्ये तयार होणाऱ्या अशा चित्रमालिकांना सारे जगच ॲनिमे म्हणते. हे काही आजचे वेड नाही. तुमच्या आईवडिलांना विचारून पाहा. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी 'जंगल बुक' दाखवत असत. मूळ गोष्ट मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाची, जंगल आपल्या देशातले, हिंदी गीत गुलजार यांचे आणि चाल विशाल भारद्वाज यांची. चित्रे मात्र जपानमध्ये तयार झाली होती. मोगलीचा तो जंगली अवतार पाहताना आपण ॲनिमे पाहत आहोत, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

अशा मालिकांतील पात्रांच्या छोट्या बाहुल्या मिळतात. त्या जमवणारे त्यांना 'फिगर' म्हणतात. आपण बाहुल्याच म्हणू. उंची साधारण एक वीत. पण काम किती बारीक! वाऱ्यावर उडणाऱ्या केसांची बट वेगळी दिसते, अंगरख्याची चुणी न् चुणी दिसते. अंग बहुधा पीव्हीसी या मऊसर प्लॅस्टिकचे आणि खालची बैठक एबीएस या कडक प्लॅस्टिकची असते. या बाहुल्या खेळण्यासाठी नसतात. कपाटात मांडायच्या आणि पाहत राहायचे.

आमच्या आकुर्डीतला हा मुलगा तुमच्यासारखाच उर्दू शाळेत शिकला. पुढे मोरवाडीच्या महापालिकेच्या आयटीआयमध्ये त्याने फिटरचे शिक्षण घेतले आणि चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला. पहाटे पावणेसहाला नाक्यावर कंपनीची बस यायची. पगार हातात आला, की निम्मा आईच्या हाती, थोडा स्वतःच्या खर्चाला आणि उरलेल्यातून दोन-तीन महिन्यांनी एक बाहुली. त्याच्याकडे बावीस बाहुल्या जमल्या होत्या. खोक्यांवरची नावे वाचता यावीत म्हणून तो जपानी अक्षरेही शिकला. पुण्यात जपानी शिकणारी मुले पुष्कळ आहेत आणि चाकण-तळेगावकडे जपानी कारखानेही आहेत, त्यामुळे घरच्यांना ते शिक्षण एकदम पटले. बाहुल्या मात्र पटल्या नव्हत्या.

मग कंत्राट संपले. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात राहणाऱ्या तुमच्यापैकी कित्येकांना याचा अर्थ सांगायला नको. काही महिने काम, मग खंड, मग पुन्हा कोणत्या तरी दारात अर्ज. घरभाडे थांबत नाही. तेव्हा त्याने एक बाहुली विकली. धावतच माझ्याकडे आला.

"काका, चारशे रुपये सुटले!"

मी भोसरीच्या शेडमध्ये तीस वर्षे साचे बनवण्यात घालवली आहेत. सुटले हा शब्द ऐकला, की माझा हात आपोआप कागद-पेन्सिलीकडे जातो. मी विचारले, "पाठवलीस कशी?"

"कुरिअरने. एकशेवीस लागले."

"पॅकिंग?"

"चाळीस."

"आणि कुरिअरच्या ऑफिसपर्यंत?"

"रिक्षाने गेलो. तीस."

चारशेचे दोनशे दहा झाले. त्याचा चेहरा उतरला. पण दुसऱ्याच दिवशी त्याने दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर रकाने आखले: जमा, खर्च, वसूल, उधार, शिल्लक. हे शब्द तुम्हांला समजावून सांगण्याची गरज नाही. मराठी माणसाचा व्यापार कित्येक शतके याच शब्दांवर चालला आहे.

बावीसपैकी नऊ बाहुल्या त्याने विकल्या. पुढे काय? जपानहून माल मागवायचा, तर त्यावर आयातशुल्क. आपल्या सरकारने २०२० साली खेळण्यांवरील शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ साली ७० टक्के. म्हणजे हजार रुपयांच्या खेळण्यावर सातशे रुपये शुल्क, शिवाय इतर कर वेगळे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्हही सक्तीचे झाले. यामागे आपल्याकडच्या खेळणी करणाऱ्यांना बळ मिळावे आणि बाहेरचा हलका माल थांबावा असा विचार होता. तो मला चुकीचा वाटत नाही. पण शंभर-दोनशे रुपयांवर नजर ठेवून धंदा करणाऱ्या मुलाला एवढा भार कसा पेलणार?

याच सुमारास एका व्यापाऱ्याने त्याला दुसरा माल दाखवला. त्याच बाहुल्या, तसेच खोके, किंमत मात्र पाचवा हिस्सा. एक नमुना घेऊन तो रात्री माझ्याकडे आला. आपल्या कपाटातली अस्सल बाहुलीही त्याने बरोबर आणली होती.

दोन्ही शेजारी ठेवल्या. लांबून काही फरक कळेना. नव्या बाहुलीला उग्र वास येत होता आणि डोळ्यांचा रंग किंचित बाहेर आला होता. बगलेत बोट फिरवले, तर साच्याच्या दोन अर्ध्या भागांची रेघ हाताला लागली. मग मी व्हर्निअर काढला आणि उंची मोजली. नवी बाहुली जुनीपेक्षा लहान भरली. फरक अगदी थोडा, पण होता.

असे का होते, हे सांगायला मला आवडते; ते माझ्याच कामातले आहे. तापून पातळ झालेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरतात. ते थंड होताना आकसते. एबीएस प्लॅस्टिक शंभर मिलिमीटरला सुमारे अर्धा मिलिमीटर आकसते. म्हणून साचा करणारा कारागीर मुळातच साचा तेवढा मोठा ठेवतो. ज्याला मूळ आराखडा मिळालेला नाही, तो काय करतो? तयार वस्तूवरूनच साचा उतरवतो. ती वस्तू आधीच एकदा आकसलेली असते. त्या साच्यातून निघालेला माल पुन्हा आकसतो. म्हणून नक्कल बहुधा अस्सलापेक्षा लहान निघते. नकलेवरून पुन्हा नक्कल केली, तर आणखी लहान! मोटारीच्या भागांचे साचे करताना आम्ही हेच गणित रोज मांडत असू. बाहुलीचे गणित काही निराळे नाही.

जपानमध्ये १९७९ साली गंडाम नावाची यंत्रमानवांची मालिका सुरू झाली. ती फारशी चालली नाही. ठरल्यापेक्षा आधीच आटोपती घ्यावी लागली. १९८० साली बांदाई या कंपनीने त्या यंत्रमानवांचे जोडून उभे करायचे प्लॅस्टिकचे संच बाजारात आणले. मुलांनी दुकानांपुढे रांगा लावल्या आणि मालिकेचेही नशीब पालटले. ते संच दाबाने प्लॅस्टिक भरणाऱ्या यंत्रांवरच निघतात. तशा जातीची यंत्रे भोसरीच्या शेडमध्ये मोटारींची बटणे आणि झाकणे काढत असतात.

पुन्हा त्या रात्रीकडे येऊ. तो म्हणाला, "काका, गिऱ्हाइकाला हे कळत नाही. त्याला स्वस्त हवे असते. मी नाही विकले, तर दुसरा कोणी तरी विकेल. आमचे दोन महिन्यांचे भाडे थकले आहे."

मी लगेच काही बोललो नाही. ज्याचे पेन्शन दरमहा बँकेत येते, त्याने भाडे थकलेल्या मुलाला चार गोष्टी सुनावणे फार सोपे असते. पण वस्तुस्थिती सांगणे भाग होते. चित्रकाराने कल्पनेने काढलेले पात्र ही त्याची मालमत्ता असते. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार कलावंताच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. परवानगीशिवाय त्याच्या प्रती काढून विकणे हा गुन्हा आहे, आणि तसा माल जाणूनबुजून विकणारा दुकानदारही त्यातून सुटत नाही.

त्यावर त्यानेच मला एक गोष्ट सांगितली. ती मला ठाऊक नव्हती.

जपानच्या ओसाका प्रांतात मोरिगुची नावाचे गाव आहे. तेथे १९६४ साली ओसामू मियावाकी या गृहस्थांनी मॉडेलचे संच विकणारे एक दुकान उघडले. नाव ठेवले काइयोदो. दुकान केवढे? दीड त्सुबो. त्सुबो हे जपानी माप आहे. दीड त्सुबो म्हणजे जेमतेम पाच चौरस मीटर. तुमच्या वर्गातला एक कोपरा एवढा असेल. त्या दुकानात हौशी मुले जमू लागली. हवी ती पात्रे बाजारात मिळत नव्हती, तेव्हा १९८० च्या दशकात या मंडळींनी ती स्वतःच घडवायला सुरुवात केली. मूळ नमुना हाताने कोरायचा, रबराचा साचा करायचा आणि थोड्याशा प्रती काढायच्या. पुढे १९९९ साली एका चॉकलेट कंपनीच्या अंड्यांत काइयोदोने घडवलेले चिमुकले प्राणी मिळू लागले आणि हे नाव जपानमध्ये घरोघरी पोहोचले.

अशा हौशी कारागिरांची जपानमध्ये एक मोठी जत्रा भरते. तिचे नाव वंडर फेस्टिव्हल. १९९२ पासून ती काइयोदोच भरवते. शेकडो माणसे आपण घरी घडवलेली पात्रे तेथे मांडतात. पण ती पात्रे तर दुसऱ्यांच्या मालिकांतली! मग कायद्याचे काय? तेथे एक युक्ती काढली आहे. कारागीर आधी अर्ज करतो, नमुना दाखवतो आणि हक्काचे मालक त्याला त्या एका दिवसापुरती, त्या जागेपुरती विक्रीची परवानगी देतात. दिवस मावळला, की परवानगी संपली. उरलेला माल दुसऱ्या दिवशी विकता येत नाही.

"एका दिवसाची परवानगी!" असे म्हणून तो बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याने तो नमुना व्यापाऱ्याला परत केला. त्याने हे कायद्याच्या भीतीने केले, की त्या जत्रेतल्या हौशी माणसांचा विचार त्याच्या मनात आला, हे मी त्याला विचारले नाही. एवढे मात्र खरे, की त्या महिन्यात त्यांच्या घरी भाड्यासाठी उसने पैसे आणावे लागले.

आता विकायचे काय? उत्तर त्याच्या कपाटातच होते. आमच्या पट्ट्यात धूळ फार. खिडकी उघडी राहिली, तर संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येते. बाहुल्यांच्या केसांत आणि चुण्यांत बसलेली धूळ निघता निघत नाही. त्याने ज्यांना बाहुल्या विकल्या होत्या, ते सगळे एकच विचारत, 'ठेवू कशात?' म्हणून त्याने स्वतःच्या बाहुल्यांसाठी ॲक्रिलिकच्या पारदर्शक पेट्या करायचे ठरवले. पेटीवर कोणाचे चित्र नाही, की नाव नाही. तिच्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

ॲक्रिलिक म्हणजे काचेसारखे दिसणारे प्लॅस्टिक. भोसरीत लेझरने शीट कापून देणाऱ्या शेड आहेत. आराखडा मात्र बिनचूक द्यावा लागतो. आयटीआयमधले ड्रॉइंग येथे त्याच्या कामी आले. कापलेले पाच तुकडे एकमेकांना टेकवून धरायचे आणि बारीक सुईने सांध्यात पाण्यासारखे पातळ द्रावण सोडायचे. ते आपोआप फटीत शिरत जाते. विज्ञानाच्या पुस्तकात केशाकर्षण वाचले असेल, तेच हे. द्रावणाने प्लॅस्टिक विरघळते आणि सुकल्यावर सांधा एकजीव होतो. हे काम मात्र उघड्या हवेत करायचे. त्या द्रावणाची वाफ अंगाला बरी नव्हे.

पहिल्या पेट्या त्याने अगदी हवाबंद केल्या होत्या. धुळीचा कणही आत जाणार नाही, असे तो अभिमानाने सांगे. उन्हाळ्यात आतल्या एका बाहुलीला हात लावला, तर ती चिकट! पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे एक द्रव्य घालतात. उष्णतेने ते हळूहळू पृष्ठभागावर येते आणि बंद पेटीत तेथेच साचून राहते. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक पेटीला मागच्या बाजूला खाली चार बारीक भोके असतात. दुकानातल्या पेट्यांना ती भोके क्वचितच दिसतात. स्वतः बाहुल्या जमवणाऱ्यालाच हे सुचणार.

आता वहीतला एक हिशेब पाहू. समजा, एका पेटीला शीटचे १४० रुपये लागले, कापण्याचे ५०, द्रावणाचे १० आणि पुठ्ठ्याच्या खोक्याचे २५. एकूण २२५. कुरिअरचा खर्च गिऱ्हाईक देतो. पेटी ३५० ला विकली, तर सुटले किती? वर्गात कोणीही चटकन म्हणेल, १२५. पण दहा पेट्यांमागे एक हमखास तडकते किंवा तिच्यावर ओरखडा पडतो. दहा पेट्यांचा खर्च २२५० आणि विकण्याजोग्या नऊ. म्हणजे एक पेटी २५० ला पडली. सुटले शंभर.

"आणि तुझा वेळ?" मी विचारले. "एका पेटीला तुझा एक तास जातो. कारखान्यात तासाला काय मिळत होते?"

त्याने तो रकाना रिकामा ठेवला होता. बरेच हौशी लोक तो रिकामाच ठेवतात. हौसेच्या कामात वेळ कसा गेला ते कळत नाही ना! त्याने तो भरला, तोंड वाकडे केले आणि पेटीची किंमत चारशे केली. चार गिऱ्हाईक गेले. बाकीचे राहिले.

आज त्याला चाकणमध्ये दुसऱ्या कारखान्यात पुन्हा कंत्राटी काम मिळाले आहे. पेट्यांवर त्याचे घर चालते, असे मी म्हणणार नाही. रविवारी आणि पाळी सुटल्यावर तो पेट्या करतो. आई आता पुठ्ठ्याची खोकी बांधून देते आणि बाहुल्यांवरून बोलत नाही. मध्ये पुन्हा दीड महिना कामाचा खंड पडला, पण त्या वेळी कोणाकडून उसने आणावे लागले नाही.

मी त्याला एकदा सावंतवाडीच्या गंजिफांविषयी सांगितले. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ इराणकडून आला. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या शाह हसन अर्घूनला गंजिफा पाठवल्याची नोंद 'बाबरनाम्या'त आहे. मोगली गंजिफाच्या डावात ९६ पत्ते आणि आठ रंग असतात. त्यांची नावे ऐका: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. आपल्या कोकणात या खेळाने दशावताराचे रूप घेतले. दहा अवतारांचे दहा रंग आणि १२० पत्ते. पुढे ही कला नष्ट होण्याच्या बेतात आली. तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती समजून घेतली, स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून पत्ते रंगवण्याचे व विकण्याचे काम सुरू केले. राजाराणीची हौस, पण तिच्यातून कारागिरांची चूल पेटली. पत्त्यांचे आणि जपानचे नातेही जुनेच आहे बरे का! पोकेमॉनच्या खेळांमुळे तुम्हांला माहीत असलेली निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठीच निघाली होती.

हे ऐकून तो सुट्टीत सावंतवाडीला जाऊन आला. येताना गंजिफांचा एक लहान संच घेऊन आला. आता त्या गोल पत्त्यांसाठी गोल पेटी करायचे त्याच्या मनात आहे. ॲक्रिलिक तापवून वाकवावे लागते. उष्णता कमी पडली तर ते तडकते, जास्त झाली तर त्यात बुडबुडे येतात. तीन पेट्या वाया गेल्या आहेत. मी म्हटले, "अरे, ॲक्रिलिकची तयार नळी मिळते, तीच काप ना!"

"मिळते, काका," तो वही उघडत म्हणाला, "पण त्या मापाची नळी घेतली, तर पेटी सहाशेला पडते. सहाशेला कोण घेईल?"

चौथी पेटी तो येत्या रविवारी करून पाहणार आहे.